नव्वदीतलं मॉरिशस आणि हल्लीची सहल

मॉरिशसला निघालेल्या मराठी माणसाच्या हातात सहल कंपनीचा जो कागद असतो, त्यात समुद्र सोडला तर त्या बेटाचं फारसं काही नसतं. कॅटामरानची सफर, डॉल्फिन, सात रंगांची माती, एक 'मोकळा दिवस', आणि एका संध्याकाळी हॉटेलातच जेवता जेवता सेगा नाच. रोज भारतीय जेवण मिळेल, हे मात्र ठळक अक्षरांत. 2 नोव्हेंबर 2024 ला, 'अ‍ॅटलास' जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले त्याला 190 वर्षं झाली. त्याच सुमारास भाच्याने मला असा कागद पाठवला. "मावशी, तू तिथे राहिली आहेस, बघ काही सुटलंय का." त्यात बंदराकाठचं खरेदी संकुल होतं, पण तिथून चालत जाता येईल असा आप्रवासी घाट नव्हता. ज्या सोळा पायऱ्या चढून आपलीच माणसं त्या बेटावर गेली, त्यांच्यासाठी सात दिवसांत अर्धा तासही नव्हता. मला ते फार लागलं.

तिथला जुना इतिहास मी भराभर सांगते, कारण राजवटी बदलल्याच्या हकिगतीत माझं मन कधी रमलं नाही. 1598 मध्ये डच आले, 1710 मध्ये निघून गेले, तोवर डोडो पक्षी संपला होता. 1715 पासून फ्रेंच, 1810 पासून इंग्रज. आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांना 1 फेब्रुवारी 1835 ला कायद्याने मुक्ती मिळाली, पण तोवर त्यांच्या जागी करारबद्ध मजूर यायला सुरुवात झाली होती. 1920 पर्यंत त्या घाटावरून जवळजवळ पाच लाख माणसं आली. बिहारकडची सर्वांत जास्त, मग तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली, साताऱ्याकडची. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला. पुढची वीसेक वर्षं ऊस, वादळं, निवडणुका आणि कापडाचे कारखाने. ती मी पाहिली नाहीत.

मी पाहिलं ते नव्वदीचं दशक. लोकरी स्वेटर विणणाऱ्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या कामावर मी तिथे गेले आणि वाक्वामध्ये एका मराठी आजींच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहिले. वाक्वा पठारावर आहे, सतत भुरभुर पाऊस. नव्वदीच्या सुरुवातीला वर्षाला तीनेक लाख पाहुणे येत. म्हणजे पाहुणे होते, हॉटेलंही होती, पण बेट अजून बेटावरच्या माणसांचं होतं.

कारखान्यात आम्ही बहुतेक बायकाच. दुपारी डबे उघडले की सगळं बेट त्या लाकडी बाकांवर मांडलं जायचं. क्रिओल मैत्रिणीची टोमॅटोची रुगाय, तमिळ बाईचं लोणच्यासारखं मुरलेलं माशाचं विंदाय (मोहरी, हळद आणि व्हिनेगरचं), चिनी मुलीच्या परतलेल्या शेवया, मुसलमान बाईची शुक्रवारची ब्रियानी. भोजपुरी घरांतून ढोलपुरी यायची. वाटाण्याची पिवळी डाळ शिजवून, बारीक करून, मैद्याच्या पारीत भरून लाटलेली, इतकी मऊ की घडी घातली तरी तुटत नाही. पुरणपोळी गोड करायची राहून गेली असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. ती नेहमी जोडीने देतात. मध्ये पांढऱ्या मोठ्या वालांची भाजी, रुगाय, आचार आणि कोथिंबिरीची मिरचीदार चटणी, आणि सगळं कागदात गुंडाळून. रोझ हिलला बस बदलताना हातगाडीपाशी उभ्याने खाल्लेली ढोलपुरी मी कुठल्याही हॉटेलच्या पंगतीपेक्षा वर ठेवते. सकाळी गातो पिमाँ, म्हणजे डाळीचे वडे, लोणी लावलेल्या पावात घालून. पोर्ट लुईच्या मंडईत सब्जा घातलेलं थंडगार दुधाचं आलुदा. घरी व्हॅनिलाच्या वासाचा चहा. यातलं काहीही महाग नव्हतं, लांब नव्हतं, आणि शाकाहारी माणसाला उपाशी ठेवणारं तर मुळीच नव्हतं. "तिथे आपल्याला खायला काही मिळत नाही" असं परत आल्यावर सांगणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांनी हॉटेलच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नसतं.

आजींच्या घरी बोलणं क्रिओलमध्ये, जुन्या शेजाऱ्यांशी भोजपुरीत, आणि देवापुढे मराठीत. मराठी त्यांना आरत्यांमधून आणि भजनांमधून आली होती. बोलायला लागल्या की शब्द शोधावे लागायचे, पण गायला बसल्या की एक अक्षर चुकायचं नाही. तिथे सार्वजनिक गणपतीची परंपरा 1896 पासूनची सांगतात, आँरिएताच्या एका मराठी कुटुंबाने सुरू केलेली. दीड दिवसाचा गणपती, थेट कोकणातल्यासारखा. रात्रभर ढोलकीवर झाकरी चालायची, आपल्या जाखडीचीच सख्खी बहीण. गोल धरून, पाय आपटत, वाकून, उठून, बाप आणि मुलगे एकाच फेरात. दुसऱ्या दिवशी मूर्ती डोक्यावर घेऊन नदीवर. आता तर तिथे गणपतीची सरकारी सुट्टी विसर्जनाच्या त्या दुसऱ्या दिवशीच असते, सगळ्या देशाला. मराठी माणसं लोकसंख्येच्या जेमतेम दोन टक्के, आणि त्यांच्या गणपतीसाठी देश बंद राहतो. महाराष्ट्रातल्या किती लोकांना हे माहीत आहे?

एका वर्षी इकडून एक सांस्कृतिक पथक आलं होतं. आजींनी उभं राहून मराठीत स्वागताची चार वाक्यं म्हटली. आठवडाभर त्यांनी ती पाठ केली होती. पाहुण्यांपैकी दोघे तोंडाला रुमाल लावून हसले. आजींना ते दिसलं. त्या खाली बसल्या आणि नंतर जेवण वाढायला मात्र पहिल्या उठल्या. त्या दोघांना मी तेव्हा काही बोलले नाही. आज बोलते. ज्या घराने पाच पिढ्या, शाळा नसताना, पत्र नसताना, परतीचं तिकीट नसताना आरती जपली, त्या घरासमोर तुमची शुद्ध भाषा कवडीमोल होती.

1994 च्या फेब्रुवारीत होलांदा चक्रीवादळ आलं. रेडिओवर इशारे चढत गेले आणि शेवटचा इशारा आला तेव्हा आम्ही खिडक्यांना फळ्या ठोकून आत बसलो. रात्रभर पत्रे उडाल्याचे आवाज. उजाडल्यावर ऊस जमिनीवर आडवा. पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती, पाणी नव्हतं. शीतपेट्यांमधलं मांस आणि मासे नासायच्या आत शिजवायला हवे होते, म्हणून आमच्या गल्लीत उघड्यावर चुली पेटल्या आणि ज्याच्याकडे जे होतं ते सगळ्यांच्या भांड्यात गेलं. आजींनी शाकाहाराची चूल वेगळी मांडली आणि तिच्यावरही रांग लागली. महाशिवरात्रीलाही मी असंच पाहिलं. पांढऱ्या कपड्यांतले हजारो लोक खांद्यावर कांवर घेऊन ग्राँ बासँच्या तळ्याकडे चालत निघत, आणि रस्त्याच्या कडेला पाणी, फळं, चहा घेऊन उभ्या असलेल्यांत ख्रिस्ती घरंही असत. तेव्हा त्या तळ्याकाठी झाडं होती, धुकं होतं आणि पाण्यात इल मासे. 2007 मध्ये तिथे 108 फुटांची शंकराची मूर्ती उभी राहिली. श्रद्धेने उभारलेली आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण आता पाहुणे मूर्तीपाशी उतरतात, फोटो काढतात आणि तळ्यापर्यंत न जाताच बसमध्ये बसतात.

रविवार म्हणजे समुद्र. फ्लिक-आँ-फ्लाकला फिलाओच्या सरूसारख्या झाडांखाली एकेक घराणं आपली पातेली, चटया, म्हाताऱ्या आणि तान्ही मुलं घेऊन बसने येई. जेवणं झाली की माझ्या क्रिओल मैत्रिणीचे काका रवान काढत. लाकडी कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. वाळक्या पानांचा जाळ करून ते त्यावर शेकायचे, कातडं तंग झालं की बोटांनी वाजवून बघायचे. उसाच्या काड्यांच्या चपट्या खोक्यात बिया घालून केलेलं माराव्हान आणि एक लोखंडी त्रिकोण, एवढ्यावर सेगा उभा राहायचा. पाय वाळूतून उचलायचेच नाहीत, घासत सरकवायचे. आनंदाचा नाच म्हणून तो विकला जातो, पण त्या गाण्यांत मालकाविषयी, भुकेविषयी, गेलेल्या माणसांविषयी बोललेलं असतं. 1992 मध्ये ती फ्रेर वारले, त्या परंपरेतले सगळ्यांत मोठे गायक. त्या रविवारी काकांनी एकट्याने गायलं आणि कोणी नाचलं नाही.

त्याच किनाऱ्यावरची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आम्ही कारखान्यातल्या बायका एका हॉटेलपुढच्या वाळूत बसलो होतो. भरतीच्या रेषेखालची वाळू कायद्याने सगळ्यांची. त्याच्यावरची पट्टीही सरकारची, हॉटेलांना ती भाडेपट्ट्याने मिळते. तरी पहारेकरी आला आणि माझ्या क्रिओल मैत्रिणीला उठायला सांगू लागला. माझ्याकडे वळून म्हणाला, मादाम, तुम्ही बसू शकता. मला भारतातून आलेली पाहुणी समजला असावा. जी त्या किनाऱ्यावर पोहायला शिकली, तिला उठवलं आणि मला बसवलं. आम्ही सगळ्याच उठलो. त्या हॉटेलच्या व्यवस्थापकाला मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही.

दशकाचा शेवट वाईट झाला. सेगा आणि रेगे एकत्र करून नवं संगीत घडवणारा काया, क्रिओल वस्त्यांतल्या पोरांचा तो आवाज होता. रोझ हिलला एका मैफिलीत गांजा ओढल्याचा आरोप ठेवून त्याला अटक झाली आणि 21 फेब्रुवारी 1999 ला तो पोलीस कोठडीत मेला. बेट पेटलं. बस बंद, कारखाना बंद, रस्त्यावर जळलेले टायर, आणि पहिल्यांदाच आमच्या गल्लीत लोक विचारू लागले की शेजारी कोण राहतं, कुठल्या जातीधर्माचं. काही दिवसांनी कारखाना उघडला, डबेही उघडले, पण बाकांवर दोन टोकं झाली होती. मी त्याच वर्षी परतले.

त्यानंतरचं मी दुरून आणि अधूनमधून पाहिलं आहे, आणि मला ते फार आवडलेलं नाही. 2005 पासून कापडाच्या निर्यातीचं जुनं संरक्षण संपलं. 2009 मध्ये युरोपचा साखरेचा करार गेला. आज अख्ख्या बेटावर तीन साखर कारखाने उरले आहेत. उसाची जमीन मग बंगल्यांकडे वळली. 2002 च्या योजनेने परदेशी माणसाला किमान पाच लाख डॉलर भरून तिथे घर घेता येऊ लागलं. पाहुण्यांचा आकडा 2019 मध्ये तेरा लाखांच्या पुढे होता, साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात. ल मॉर्नच्या कड्यावर पळून गेलेल्या गुलामांनी आसरा घेतला, म्हणून 2008 मध्ये तो जागतिक वारसा झाला. पायथ्याशी आज आलिशान हॉटेलं आणि गोल्फचं मैदान आहे. दक्षिणेचा पोंपोनेतचा किनारा हॉटेलसाठी गेला तेव्हा लोक फाटकापाशी ठाण मांडून बसले. 'आमचे किनारे चोरणं थांबवा' ही चळवळ तिथली सामान्य माणसं चालवतात, जी पूर्वी पातेली घेऊन यायची.

आणि 25 जुलै 2020 ला वाकाशिओ हे जहाज पॉइंट देस्नीच्या प्रवाळावर चढलं, ऑगस्टमध्ये त्यातून हजारेक टन तेल खाडीत आलं, तेव्हा बेट वाचवायला कोण धावलं? माएबूर्गच्या रस्त्यावर लोकांनी रात्रंदिवस बसून कापडाच्या नळ्यांत उसाचं पाचट भरलं, न्हावी दुकानांतून केस गोळा झाले, आणि त्या नळ्या बांधून त्यांनी काळं पाणी अडवलं. माझ्या त्या मैत्रिणीची मुलगी आठवडाभर तिथे होती. हात कोपरापर्यंत काळे झालेला फोटो तिने मला पाठवला होता.

ही मुलगी एका मोठ्या हॉटेलात गाते. फुलाफुलांचा घेरदार झगा, डोक्यात चाफा, मागे कीबोर्ड. सेगा 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला तो रवानवरचा, पण पाहुण्यांना दाखवला जातो तो कीबोर्डवरचा. गेल्या खेपेला मी तिला विचारलं की काकांचं रवान तुझ्याकडे आहे ना, ते का वाजवत नाहीस. ती म्हणाली, मी मागितलं होतं. कातडं शेकायला हिरवळीच्या कोपऱ्यात छोटासा जाळ लागेल म्हटलं. धुराचा पाहुण्यांना त्रास होईल, असं उत्तर मिळालं. तिने पुन्हा अर्ज केला आहे, या वेळी लेखी, आणि खाली तिथे काम करणाऱ्या बाकीच्या वादकांच्या सह्या घेतल्या आहेत.