वार्ता, वदंता आणि आपला दवाखाना

लसीकरणाच्या दिवशी येणारे पालक पूर्वी ताप, टोचल्या जागेची गाठ आणि पुढची तारीख एवढेच विचारीत. अलीकडे त्यांच्या प्रश्नांची व्याप्ती वाढली आहे. अमुक लस परदेशात बंद केली हे खरे काय, तमुक कंपनीवर खटला चालू असताना तिचे औषध आपल्याकडे कसे चालते, भ्रमणध्वनीवर आलेली चित्रफीत साहेबांनी पाहिली काय! जागतिक राजकारण, वृत्तमाध्यमांची विश्वासार्हता आणि घरातील चालीरीती हे तिन्ही विषय आता बाळाच्या वजनकाट्याशेजारी चर्चिले जातात. आपल्या व्यवसायबंधूंपैकी काहींना ही कटकट वाटते. मला तसे वाटत नाही. शंका घेऊन आलेला पालक निदान दवाखान्यात आलेला असतो. न आलेल्याची शंका आपल्याला कळतही नाही.

सुरतेतील मराठी घराची स्थिती याबाबतीत काहीशी निराळी आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा भागातील धुळे-नंदुरबार-जळगावकडच्या कुटुंबांत सकाळी गुजराती दैनिक चाळले जाते, रात्री मराठी वृत्तवाहिनी लागते आणि दिवसभर भावकीच्या गटावर हिंदी संदेश येत राहतात. एकच वार्ता तीन भाषांतून, तीन निरनिराळ्या तीव्रतांनी घरात शिरते. रोगांची नावेदेखील बदलतात. आपला गोवर गुजरातीत ओरी होतो आणि हिंदीत खसरा. आपला डांग्या खोकला येथे उटांटियुं म्हणून ओळखला जातो. ‘ओरीच्या लसीने त्रास होतो’ असा संदेश वाचलेली माता गोवराची लस मात्र निःशंकपणे देऊन घेते, आणि याच्या उलटही घडते. अज्ञान म्हणून हे हसण्यावारी नेऊ नये. तीन भाषांत जगणाऱ्या माणसाची ही स्वाभाविक अडचण आहे.

वार्ता आणि वदंता यांतील अंतर किती थोडे असते, हे या शहराइतके कोणी अनुभवले नसेल. १९९४ च्या ऑगस्ट अखेरीपासून बीड जिल्ह्यातील मामला गावाच्या परिसरात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळू लागले होते. सप्टेंबरात तापीच्या पुराचे पाणी ओसरल्यावर सुरतेत वेड रोड, कतारगाम परिसरातील धडधाकट तरुण माणसे तीव्र न्यूमोनियासारख्या आजाराने एक-दोन दिवसांत दगावू लागली. २१ सप्टेंबरच्या सुमारास फुप्फुसाच्या प्लेगचा संशय व्यक्त झाला आणि पुढील काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. पिण्याच्या पाण्यात विष कालवल्याची वदंताही उठली होती. टेट्रासायक्लीन औषधाच्या दुकानांतून दिसेनासे झाले. मी त्यावेळी पदव्युत्तर शिक्षणासाठी महाराष्ट्रात होतो. सुरतेहून आलेल्या प्रवाशाकडे आमच्या वसतिगृहात कसे पाहिले जाई हे मला चांगले स्मरते. तोंडाला रुमाल बांधलेला मनुष्य दिसला की तो सुरतेचा, असा सरसकट तर्क होई.

त्या दिवसांत मृतांचे वेगवेगळे आकडे छापले गेले. याचे सगळे खापर वृत्तपत्रांवर फोडणे मला न्याय्य वाटत नाही. साथीच्या प्रारंभी वैद्यक ज्याला ‘संशयित’ म्हणते, त्याची व्याख्या हेतुतः सैल ठेवलेली असते. एकही खरा रुग्ण सुटू नये हा त्यामागील उद्देश असतो. नंतर रक्ताच्या चाचण्या होतात, जंतूंची वाढ करून पाहिली जाते आणि संख्या आक्रसत जाते. १९९४ साली देशभरातील संशयित हजारांत मोजले गेले, रक्तचाचणीत सकारात्मक ठरलेले शेकड्यांत, आणि मृत्यू पन्नासच्या आसपास. तिन्ही संख्या आपापल्या जागी खऱ्या होत्या. परंतु ‘संशयित’ हे विशेषण मथळ्यात मावत नाही, त्यामुळे वाचकापर्यंत पोहोचतात ते ‘रुग्ण’. पुढे संख्या घटली की त्याच वाचकाला वाटते, आधी घाबरवले आणि आता दडपले! हा रोग प्लेगच होता की आणखी काही, याविषयी तज्ज्ञांतही जाहीर मतभेद झाले. डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्लेगचा निष्कर्ष काढला आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यास पुष्टी मिळाली. तोपर्यंत वृत्तपत्रांना सुरत बातमी म्हणून उरली नव्हती.

एक गोष्ट आपण आपापसांत तरी स्पष्ट बोलली पाहिजे. त्या आठवड्यात शहरातील बरेचसे खाजगी दवाखाने बंद होते. सरकारी रुग्णालयातील निवासी डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार जागेवर राहिले, पण गल्लीतला नेहमीचा डॉक्टर कित्येक ठिकाणी निघून गेला होता. आकाशवाणी-दूरदर्शनवरून ‘घाबरू नका’ असे कितीही सांगितले, तरी बंद दवाखान्याचे शटर पाहणाऱ्याने त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. लोक वृत्तपत्र वाचतात, पण त्याहून बारकाईने डॉक्टरांचे वर्तन वाचतात.

जगाची प्रतिक्रियाही याहून शहाणपणाची नव्हती. प्रवास किंवा व्यापारावर निर्बंध घालावेत असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला नसताना आखाती देशांनी भारताची विमाने थांबवली, काही ठिकाणी भारतीय खाद्यपदार्थ अडवले गेले. देशाचे नुकसान दीड-दोन अब्ज डॉलर झाल्याचा अंदाज सांगितला जातो. जो देश प्रामाणिकपणे रोग कळवतो त्यालाच दंड होणार असेल, तर पुढच्या वेळी कोण कळवील? या प्रश्नानेच १९९५ पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांच्या फेररचनेस चालना दिली. जुन्या नियमांत पटकी, प्लेग आणि पीतज्वर हे तीनच रोग कळवणे बंधनकारक होते आणि सारा भर त्या त्या सरकारच्या निवेदनावर होता. २००५ साली संमत होऊन १५ जून २००७ पासून लागू झालेल्या नियमांनी वृत्तपत्रे व इतर अनधिकृत मार्गांनी आलेल्या माहितीचीही दखल घेऊन संबंधित देशाकडे खुलासा मागण्याची मुभा संघटनेला दिली. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची माहिती तत्परतेने दिली, तेव्हा काही दिवसांत अनेक देशांनी तिची विमाने बंद केली. नियम बदलले, भय होते तसेच राहिले.

वदंता नेहमी अडाणी वस्तीतच जन्मते हाही एक गोड गैरसमज आहे. काही वदंता राजधान्यांतून शिस्तीने पेरल्या जातात. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. स्वतःला अमेरिकन शास्त्रज्ञ म्हणवणाऱ्या त्या लेखकाचे म्हणणे असे की, एड्स हा रोग अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत निर्माण झाला. १९८५ साली मॉस्कोतील एका साप्ताहिकाने याच भारतीय पत्राचा हवाला देऊन तो आरोप उचलला आणि मग तो अनेक भाषांतून जगभर फिरला. ही सोव्हिएट गुप्तहेर खात्याची योजना होती, याची कबुली १९९२ साली रशियाच्या गुप्तहेर विभागाचे तत्कालीन प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी दिली. आज आपल्या फोनवर येणाऱ्या ‘एका परदेशी शास्त्रज्ञाने सांगितले’ या छापाच्या संदेशांची घडण पाहिली की त्या पत्राची आठवण होते. नाव नसलेला तज्ज्ञ, दूरचा देश आणि तपासता न येणारा पुरावा!

परंतु प्रत्येक संशय निराधार असतो असेही नाही, आणि येथेच आपले काम अवघड होते. नायजेरियातील कानो प्रांताने २००३ च्या ऑगस्टपासून सुमारे अकरा महिने पोलिओचे डोस थांबवले. या डोसांतून वंध्यत्व आणण्याचा पाश्चात्त्यांचा कट आहे असा प्रचार होता. आरोप खोटा होता. मात्र त्याच कानोमध्ये १९९६ साली मेंदूज्वराच्या साथीत एका बड्या औषध कंपनीने मुलांवर केलेल्या औषधचाचणीवरून मोठा वाद झालेला होता आणि इराकचे युद्ध नुकतेच सुरू झाले होते. शेवटी इंडोनेशियात तयार झालेली लस आणल्यावर कानोने डोस पुन्हा सुरू केले. दरम्यान तेथील विषाणू अनेक देशांत पसरला आणि २००५ साली खुद्द इंडोनेशियात तीनशेहून अधिक मुलांना पांगळे करून गेला. २०११ मध्ये अबोटाबाद येथे बिन लादेनच्या शोधासाठी अमेरिकन गुप्तहेरांनी कावीळ-ब लसीकरणाच्या बनावट मोहिमेचा आडोसा घेतला. पाकिस्तानातील पोलिओ कार्यकर्त्यांनी, ज्यांत स्त्रिया पुष्कळ, त्या अविश्वासाची किंमत प्राणांनी मोजली. लसीकरणाचा असा वापर यापुढे होणार नाही, असे अमेरिकेने २०१४ साली जाहीर केले.

आपल्या देशात पश्चिम उत्तर प्रदेशातही वंध्यत्वाची हीच अफवा होती. तेथे निवेदनांनी फारसे काही साधले नाही. मशिदींतील इमाम, अलीगढ विद्यापीठाची मंडळी आणि त्याच मोहल्ल्यातील स्त्रिया घरोघरी गेल्या. नुसत्या पोलिओच्या थेंबांबरोबर जुलाब आणि स्वच्छता यांविषयीही बोलू लागल्या. जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

मुंबईत २०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात गोवराने मुले दगावली, ही वार्ता येथील घरांतही पोहोचली होती. त्या काळात माझ्याकडे आलेल्या एका आजीचा प्रश्न मला फार मार्मिक वाटला. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, टीव्हीवाले खोटं सांगतात म्हणून तुम्हीच सांगता, मग आज त्यांचं खरं मानू म्हणता, ते कसं?” यावर तयार उत्तर नाही. मी त्यांना वार्ता बाजूला ठेवून नातीचे कार्ड मागितले. नऊ महिन्यांचा डोस झालेला, सोळा ते चोवीस महिन्यांमधला राहिलेला. पहिल्या डोसानंतर काही मुलांत संरक्षण निर्माण होत नाही, म्हणून दुसरा द्यायचा, एवढेच सांगितले. तो त्यांना पटला.

अनुभवाने मी एक पद्धत ठेवली आहे. लस टोचण्यापूर्वीच सांगतो की आज रात्री ताप येण्याचा संभव आहे, मांडीवर गाठ राहील, गोवराच्या लसीनंतर मात्र ताप आला तर तो आठवड्याने येईल. पॅरासिटामॉल वजनाच्या प्रत्येक किलोस पंधरा मिलिग्रॅम या प्रमाणात कार्डावर लिहून देतो, आणि गोवर-ओरी-खसरा ही तिन्ही नावे एकाच ओळीत. त्याच रात्री ताप येतो, तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे झाले असे घरात म्हटले जाते. न सांगता आला असता, तर पहाटेपर्यंत भावकीच्या गटावर त्याची चित्रफीत फिरली असती.