मालिश: हात मोजके असावेत की नाना तऱ्हांचे?

सकाळचे नऊ वाजले की बाळंतिणीच्या खोलीत मालिशवाल्या मावशी हजर! पाटावर बसायचं, पाय लांब करून त्यांवर बाळाला घ्यायचं, वाटीतल्या कोमट तेलात बोटं बुडवायची आणि सुरुवात करायची. छाती, पोट, हात, पाय, मग पालथं घालून पाठ. रोज तोच क्रम, तेच हात. सव्वा महिन्यात नवीन काही नाही.

आता एखाद्या स्पाचं दरपत्रक वाचा. स्वीडिश, थाई, बाली, गरम दगडांची मालिश... एका तासात चार देशांची सफर! गिऱ्हाईकही विचारतं, 'आणखी काय काय येतं तुम्हाला?' इथंच मालिश करणारा पेचात पडतो. येतंय ते सगळं दाखवावं, की थोडक्यात भागवावं?

गंमत अशी, की 'स्वीडिश' म्हणून जगभर गाजलेल्या मालिशीत मूळ हात पाचच. तळव्यानं लांबवर निपटणं, कणकेसारखं मळणं, बोटांनी एकाच जागी चोळणं, हलक्या थापट्या मारणं आणि थरथर देणं. यांची फ्रेंच नावं रूढ करण्याचं श्रेय दिलं जातं ते योहान मेत्झगर (१८३८-१९०९) या डच डॉक्टरांना. म्हणजे मालिश स्वीडिश, नावं फ्रेंच आणि डॉक्टर हॉलंडचे! पण हात पाच असले तरी दाब, वेग आणि दिशा बदलली की त्यांतूनच हवं ते साधतं.

नवशिक्याची चूक नेमकी इथं होते. दर मिनिटाला तो हात बदलतो. पडलेल्या माणसाचं अंग सैल पडायच्या ऐवजी 'आता काय?' म्हणून सावध राहतं. आपल्या त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत, की सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या संथ वेगानं हात फिरला तरच ते चांगले जागे होतात. आईचा हात पाठीवरून फिरतो तो साधारण याच वेगानं.

अमेरिकेत १९८६ साली टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर एक प्रयोग केला. दिवसातून तीनदा, १५-१५ मिनिटं, असं १० दिवस. त्यात होतं काय? अंगावरून हात फिरवणं आणि हातपाय हळुवार दुमडणं-उलगडणं. बस्स! या बाळांचं वजन इतर बाळांपेक्षा ४७ टक्के जास्त वाढलं.

मग निरनिराळे प्रकार शिकायचेच कशाला? तर समोरचं अंग प्रत्येक वेळी वेगळं असतं म्हणून. दिवसभर शिलाई मशीनवर वाकणाऱ्या बाईचे खांदे मळून घ्यावे लागतात. हाडं ठिसूळ झालेल्या आजींच्या पाठीवर थापट्या नकोतच. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील, तर दाब जास्त होतोय हे त्या माणसाला कळतच नाही. आणि एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर हातच लावू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टर गाठावा. अष्टांगहृदयातही रोज अभ्यंग करा, डोकं, कान, पाय यांकडे विशेष लक्ष द्या असं सांगितलंय. पण अजीर्ण झालेल्यानं तो टाळावा, हेही तिथंच आहे.

आणखी एक कारण गिऱ्हाईकाच्या लक्षातच येत नाही. मालिश करणाऱ्याचे स्वतःचे अंगठे! दिवसभर अंगठ्यांनीच दाबत राहिलं तर आधी तेच दुखू लागतात. म्हणून अनुभवी माणूस मधूनच मूठ, कोपर, हाताचा पुढचा भाग वापरतो. केरळच्या कळरी परंपरेत तर वर बांधलेल्या दोराला धरून पायांनी मालिश करतात. त्यात देखावा कमी, सोय जास्त.

आता पुन्हा मावशींकडे वळू या. त्यांचे नेहमीचे हात उत्तमच. पण कुणाकुणाला जास्तीचं करून दाखवायची हौस असते. बाळाच्या नाकाकानात तेल सोडायचं, छाती पिळून 'दूध' काढायचं, पाय धरून उलटं लटकवायचं! बालरोगतज्ज्ञ या साऱ्याला ठाम नाही म्हणतात. तेल फुप्फुसात उतरू शकतं, पिळलेल्या जागी पू होऊ शकतो. पण पहिलटकरीण मावशींना सांगणार कशी? सासूबाई दारात उभ्या, नवऱ्यालाही मावशींनीच न्हाऊमाखू घातलेलं!

आमच्या शेजारच्या सुनेनं एक युक्ती केली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, 'मावशी, डॉक्टरांनी एवढ्या दोन-तीन गोष्टी नको म्हटल्यात. बाकी सगळं तुमच्या पद्धतीनं करा. आणि मला शिकवा, तुमची सुट्टी असेल तेव्हा मीच करीन.' मावशी क्षणभर थबकल्या. मग तेलाची वाटी सुनेच्या हातात देत म्हणाल्या, 'बस इथं. आधी हात कोमट कर.'