टांकसाळीची चूक की नंतरची मोडतोड?

कडेला चावा घेतल्यासारखे किंवा वाकडा छाप पडलेले नाणे हाती आले, की हल्ली घराघरांत चर्चा होते, 'याचे लाख रुपये येतात म्हणे!' मग फोनवर कुणीतरी भेटतो. 'नाणे आम्ही घेतो, आधी नोंदणी फी भरा, मग कर भरा,' असे सांगून तोच पैसे उकळतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी आपल्या नावाने चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल जनतेला सावध केले होते. कष्टाचा पैसा असा जाऊ नये म्हणून नाण्याची पारख आपल्यालाच यायला हवी. ती अवघड नाही.

धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात आणि दोन पोलादी ठशांमध्ये प्रचंड दाबाने दाबतात, की नाणे पडते. चकती कापताना किंवा ठसा उमटताना जो दोष राहतो ती टांकसाळीची चूक. नाणे बाहेर पडल्यावर त्याला जे झाले ती मोडतोड. तेव्हा प्रश्न एकच विचारावा : हे ठसा उमटण्याआधी झाले की नंतर?

नाण्यावर जादा रेघ दिसली तर नखाने चाचपावी. ठशाला तडा गेला असेल तर धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंचवटा येतो. रेघ खोलगट असेल तर बहुतेक तो नुसता ओरखडा.

कड अर्धचंद्रासारखी कापलेली असेल तर तिच्या बरोबर समोरची कड पाहावी. चकती मुळातच तुटकी असेल तर समोरची कडही बहुधा पुसट उमटते. कानशीने कापलेल्या नाण्याची समोरची कड ठसठशीत राहते.

एका बाजूला खोल, उलटे चित्र दिसले तर दुसरी बाजू पाहावी. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्याने असे घडते आणि तेव्हा दुसरी बाजू स्वच्छ उमटते. दोन नाणी एकमेकांवर ठेवून हातोड्याने ठोकली असतील तर ती बाजू चेपलेली दिसते.

नाणे सरळ धरून पुस्तकाच्या पानासारखे उलटावे. आपल्या नाण्यांची मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. ती आडवी किंवा उलटी आली तर ठसा फिरलेला आहे.

सालाखालचा ठिपका, चांदणी किंवा चौकट ही चूक नव्हे. ठिपका नोएडाचा, चांदणी हैदराबादची, चौकट मुंबईची. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. तसेच १९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेला रुपया अनेकांनी जपला आहे. तो स्मारक नाणे आहे, चुकीचे नाणे नाही. 'दुर्मिळ' म्हणून कुणी त्याचे अवाच्या सवा मोल सांगितले तर भुलू नये.

पुष्कळदा 'चूक' म्हणजे नुसता डिंक, डांबर किंवा झाळलेले शिसे असते. नाणे साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवावे, मऊ कापडाने टिपावे. चिंच, लिंबू, राख यांनी घासू नये. खरी चूक असलीच तर मूळ झळाळी गेल्याने तिचे मोल उतरते.

शेवटी वजन. १९९२ पासूनचा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा होता. कोरी दिसणारी चकती या वजनाला बरोबर उतरली तर ती न छापलेली असू शकते. बरीच हलकी भरली तर झिजलेली, घासलेली किंवा आम्लात बुडवलेली. सोनाराचा काटा एवढे काम सहज करतो.

मुलांनाही सांगावे, की रुळावर नाणे ठेवून चपटे केल्याने ते दुर्मिळ होत नाही. २०११ च्या नाणे कायद्याने नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे गुन्हा आहे.

एवढ्या कसोट्यांना नाणे उतरले तर दोन वेगवेगळ्या जाणकारांना समक्ष दाखवावे. आणि एक गाठ पक्की बांधावी : नाणे विकणाऱ्याला पैसे मिळायचे असतात, भरायचे नसतात. जो आधी पैसे मागतो, तो ग्राहक नव्हे.