साडेतीन सेंटिमीटरवर नजर

शेवटचा पेशंट गेलाय आणि मिरजेतल्या या रुग्णालयाचा किरणोपचाराचा बंकर आता तिच्या ताब्यात आहे. ती कुरुंदवाडची, आमच्याच गल्लीतली. इथं मेडिकल फिजिसिस्ट आहे. लिनॅकचं, म्हणजे किरणांचा झोत सोडणाऱ्या यंत्राचं, तोंड सरळ खाली, ॲक्रिलिकच्या चौकोनी टाकीतल्या पाण्यावर रोखलेलं. पाण्यापर्यंतचं अंतर 100 सेंटिमीटर. ती गुडघ्यावर बसून, डोळा पाण्याच्या पातळीत आणून, किरण मोजणारं चपटं वाटोळं चेंबर पृष्ठभागाला नेमकं कुठं लागतं ते बघते. केसभर फरक वाटतो, की पुन्हा पहिल्यापासून.

जाड दार बंद होतं. आम्ही बाहेर कन्सोलपाशी. पडद्यावर 9 एमईव्ही, इलेक्ट्रॉनची ऊर्जा. ती खरंच किती आहे, तेच आज तपासायचं.

"थेट वेगच मोजला तर?" मी विचारतो.

"काय कळणार काका त्यातनं? 6 एमईव्हीचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या 99.7 टक्के वेगानं जातो, 12 चा 99.9 टक्के. ऊर्जा दुप्पट, वेग जवळपास तिथंच. आपल्याकडं पूर किती मोठा ते कशावरून सांगतात? घाटावर पाणी कुठवर चढलं त्यावरून. इथं इलेक्ट्रॉन पाण्यात किती खोल उतरले ते बघायचं."

बीम सुरू होतो. चेंबर खालून वर सरकू लागतं. सहा सेंटिमीटरवर जवळजवळ काही नाही, फक्त एक्स-किरणांची बारीक शेपटी. साडेचारच्या आसपास पडद्यावरची डोसची रेघ डोकं वर काढते, मग उभी चढते, दोनच्या जवळपास माथा गाठते आणि पृष्ठभागाकडं थोडी उतरते. सेंटिमीटरभर पाणी ओलांडताना इलेक्ट्रॉन साधारण 2 एमईव्ही गमावतो. म्हणून 9 वाल्याची धाव साडेचारला संपते.

तिची नजर मात्र एकाच जागी: डोस शिखराच्या निम्म्यावर येतो ती खोली. दुरुस्ती धरून 3.56 सेंटिमीटर. त्याला 2.33 नं गुणायचं. 8.3.

"म्हणजे 9 नाही?"

"9 बटणावरचं. पृष्ठभागावरची सरासरी ऊर्जा ही. पेशंटचा प्लॅन या मोजलेल्या खोलीवर बसतो."

आमच्या शिरोळ तालुक्यात कर्करोग हा घराघरातला विषय आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर छातीवर इलेक्ट्रॉन देतात, लगेच खाली फुप्फुस. मानेच्या गाठीला देतात, मागं मज्जारज्जू. ऊर्जा जास्त झाली तर तिथवर पोचेल, कमी पडली तर गाठ खालून जिवंत राहील. रेघेचा तो उतार बघताना मला गावातले चेहरे दिसतात.

वहीत गेल्या वर्षीचा आकडा 3.55.

"दोन मिलिमीटरच्या वर हललं असतं तर?"

"उद्या या ऊर्जेवर कुणालाच टेबलावर घेतलं नसतं. बीम वळवणारं चुंबक तपासायला इंजिनिअरला रात्रीच फोन."

आता डोस. 3.56 ला 0.6 नं गुणून 0.1 वजा: 2.04 सेंटिमीटर. चेंबर तिथं थांबतं. त्याचा भाभा अणुसंशोधन केंद्राचा कॅलिब्रेशनचा दाखला फायलीत वरच आहे. ती पाण्याचं तापमान लिहिते, मग हवेचा दाब. मिरजेत तो 950 हेक्टोपास्कलच्या आसपास. समुद्रकाठच्या मानानं चेंबरमधली हवा विरळ. हा फरक धरला नाही तर मोजमाप सहाएक टक्क्यांनी कमी दिसेल. ती या दुरुस्तीचा गुणक दोनदा काढते, दोन्ही वेळा तोच येतो, आणि 100 मॉनिटर युनिटचं बटण दाबते.