हवामान उपग्रह : खर्च, जोखीम आणि लाभ

वातावरण, ढग आणि सागरपृष्ठ यांचे अंतराळातून अखंड निरीक्षण करणाऱ्या कृत्रिम उपग्रहास हवामान उपग्रह म्हणतात. चंद्राकडे किंवा मंगळाकडे यान निघाले की एवढा पैसा अंतराळात कशाला घालवायचा, हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र चंद्र-मंगळापेक्षा हवामान उपग्रहांच्या इतिहासात अधिक स्पष्ट सापडते, कारण गेलेला पैसा, गेलेले जीव आणि वाचलेले जीव या तिन्हींचा हिशेब तेथे मांडता येतो.

अमेरिकेने 1 एप्रिल 1960 रोजी सोडलेला टायरॉस-1 हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह होय. तो अवघे 78 दिवस चालला. पण तेवढ्या काळात त्याने पाठविलेल्या ढगांच्या चित्रांनी हवामानशास्त्राची दिशा बदलली. त्यापूर्वी भर समुद्रावरील हवामान कळण्याचे मुख्य साधन म्हणजे त्या वाटेने जाणारी जहाजे. चक्रीवादळ तर नेमके भर समुद्रातच जन्मते, आणि त्याची चाहूल लागताच जहाजे त्या भागातून दूर निघून जातात. त्यामुळे जेथून माहिती सर्वांत निकडीची, तेथूनच ती येत नसे.

कक्षेनुसार या उपग्रहांचे दोन प्रमुख वर्ग पडतात. ध्रुवीय कक्षेतील उपग्रह सुमारे 800 किलोमीटर उंचीवरून दोन्ही ध्रुवांजवळून फिरतात. त्यांना तपशील बारकाईने दिसतो, परंतु असा एक उपग्रह एका ठिकाणावरून साधारणपणे दिवसातून दोनदाच जातो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर असतात. त्यांचा परिभ्रमणकाळ पृथ्वीच्या परिवलनाएवढाच असल्याने ते एकाच भूभागावर सतत नजर ठेवू शकतात. तासातासाला रूप पालटणाऱ्या वादळाचा माग काढण्यास हाच दुसरा वर्ग उपयोगी पडतो.

उपग्रहावरील प्रतिमाग्राहक दृश्य प्रकाशाबरोबर अवरक्त किरणांतही चित्र घेतो. म्हणून रात्रीही ढग दिसतात. ढगाचा माथा जितका थंड, तितका तो उंच चढलेला, हे त्यातले मूळ सूत्र. वाऱ्याचा वेग मात्र या चित्रात थेट दिसत नाही. तो ढगांच्या आकृतिबंधावरून ताडावा लागतो. त्यासाठी अमेरिकी हवामानतज्ज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी 1970 च्या दशकात एक पद्धती विकसित केली. ढगांचे सर्पिल पट्टे केंद्राभोवती किती गुंडाळले गेले आहेत, मध्ये डोळा तयार झाला आहे काय, त्या डोळ्याचे आणि भोवतालच्या ढगांचे तापमान किती, हे क्रमाने तपासून वादळाला टी-1 ते टी-8 यांमधील अंक दिला जातो. त्या अंकावरून वाऱ्याचा वेग अनुमानाने निघतो. वादळाच्या पोटात नियमितपणे विमाने पाठविण्याची व्यवस्था भारताकडे नसल्याने आपल्या हवामान खात्याची मदार प्रामुख्याने याच पद्धतीवर राहिली आहे. एका छायाचित्रावरून हजारो किलोमीटर दूरच्या वाऱ्याचा जोर सांगणे ही मानवी बुद्धीची थोर कामगिरी आहे, असे मला वाटते.

भारताने या क्षेत्रात पाऊल टाकले ते काटकसरीचा विचार करूनच. दूरसंचार, दूरचित्रवाणी आणि हवामान ही तिन्ही कामे एकाच उपग्रहाकडून करून घ्यावयाची, अशी इन्सॅट मालिकेची रचना होती. अशा रचनेचा धोकाही उघड होता : एक उपग्रह गेला की तिन्ही सेवा जाणार. घडलेही तसेच. एप्रिल 1982 मध्ये सोडलेला इन्सॅट-1अ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, दिशानियंत्रणाचे इंधन संपल्याने निकामी झाला. पुढच्या वर्षी चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानातून नेलेल्या इन्सॅट-1ब याने मात्र अनेक वर्षे उत्तम सेवा दिली. केवळ हवामानासाठी बांधलेला इस्रोचा पहिला उपग्रह 12 सप्टेंबर 2002 रोजी श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाने सोडला. त्यानंतर इन्सॅट-3डी (2013), इन्सॅट-3डीआर (2016) आणि इन्सॅट-3डीएस (2024) आले. यांतील शेवटच्या उपग्रहाचा सुमारे 480 कोटी रुपयांचा खर्च भूविज्ञान मंत्रालयाने उचलला. हा खर्च एकदा करून संपणारा नव्हे. इंधन आणि उपकरणे यांचे आयुष्य मोजक्या वर्षांचे असल्याने जुना उपग्रह थकण्याआधी नवा तयार ठेवावा लागतो.

पैसा बुडण्याची जोखीम प्रक्षेपणाच्या वेळी सर्वाधिक असते. 12 ऑगस्ट 2021 रोजी भूस्थिर कक्षेतून भारतीय भूभागावर लक्ष ठेवण्यासाठी निघालेला ईओएस-03 हा उपग्रह, प्रक्षेपकाच्या क्रायोजेनिक टप्प्यातील बिघाडामुळे काही मिनिटांतच गमवावा लागला. त्याहून मोठी किंमत माणसांनी मोजली आहे. 23 फेब्रुवारी 2004 रोजी श्रीहरिकोटा येथे घन इंधनाच्या कामात लागलेल्या आगीत सहा जण मृत्युमुखी पडले. अंतराळवीरांच्या तुलनेत त्यांची आठवण फारच क्वचित काढली जाते. इन्सॅट-1ब कक्षेत पोहोचविणारे चॅलेंजर 28 जानेवारी 1986 रोजी सात अंतराळवीरांसह नष्ट झाले. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया यान कोसळून कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. त्यानंतर काही दिवसांतच वर उल्लेखिलेल्या 2002 च्या उपग्रहाला ‘कल्पना-1’ हे नाव देण्यात आले.

आता लाभाची बाजू. नोव्हेंबर 1977 मध्ये आंध्र प्रदेशातील दिवी भागात आलेल्या चक्रीवादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. तेव्हा भारताचा स्वतःचा हवामान उपग्रह नव्हता. ऑक्टोबर 1999 मध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आले, तेव्हा तो होता आणि वादळ दिसतही होते. तरीही मृतांचा आकडा पुन्हा दहा हजारांच्या आसपास गेला. पुरेसे पक्के निवारे नव्हते आणि इशारा गावोगाव पोहोचवून माणसे हलविणारी यंत्रणाही तोकडी होती. त्या राज्याने पुढे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभारले, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावपातळीवर सराव घेतले. ऑक्टोबर 2013 मध्ये फायलिन वादळ येण्यापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना हलविण्यात आले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. या यशाचे सारे श्रेय उपग्रहाला देणे मला योग्य वाटत नाही. उपग्रहाने दिला तो वेळ. त्या वेळेत माणसे बाहेर काढली ती तलाठी, शिक्षक, पोलीस आणि स्वयंसेवक यांनी. उलट, मे 2021 मधील तौक्ते वादळाचा इशारा आधी मिळालेला असूनही मुंबईपासून दूर समुद्रात पी-305 हा तराफा बुडून अनेक कामगारांनी प्राण गमावले.

वादळाखेरीज दाट धुके, ढगफुटीस पोषक ढग आणि समुद्राचे तापमान यांची माहितीही या उपग्रहांकडून मिळते. इन्सॅट-3डी मालिकेतील उपग्रह दुर्गम भागांतील स्वयंचलित हवामान केंद्रांची मापे गोळा करतात आणि संकटातील नौकांचे संदेश शोधपथकांपर्यंत पोहोचवितात.

खर्चाचा एक भाग मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही. कोकणातील बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की मासेमारी बंद होते. नौका बंदरात उभ्या राहतात, खलाशांचा खर्च चालूच असतो, आणि वादळ दूर वळून गेले तरी बुडालेले दिवस कोणी भरून देत नाही. हे नुकसान घटवायचे तर वादळाचा मार्ग अधिक नेमका सांगता यायला हवा, म्हणजे किनाऱ्याच्या धोक्यातल्या तेवढ्याच पट्ट्यावर बंदी घालता येईल. त्यासाठी सागरपृष्ठावरील वाऱ्याची दिशा आणि वेग मोजावे लागतात. 26 नोव्हेंबर 2022 रोजी सोडलेल्या ओशनसॅट-3 वर त्याकरिता रडारच्या तत्त्वावर चालणारा प्रकीर्णनमापक बसविला आहे. लाटांवरून परतणाऱ्या लहरींवरून तो वाऱ्याचे माप काढतो.