सीसीआर की एमएक्स? खान्देशातल्या राउटरांचा मागोवा

१४ जानेवारी २००५ रोजी बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं, तेव्हा राउटर कोणता घ्यावा हा प्रश्न जळगाव-धुळ्यात कुणाला पडलाच नव्हता. यंत्र दिल्लीतल्या निविदेत ठरायचं. डोकेदुखी सुरू झाली ती केबलवाले आणि छोटे सेवादार इंटरनेटच्या धंद्यात उतरल्यावर. 'क' वर्गाचा परवाना एकाच एसएसएपुरता, म्हणजे ढोबळमानानं एका जिल्ह्याचा. पारोळ्याच्या पुढे धुळ्याकडे ग्राहक जोडायचे तर परवाना वेगळा. एवढ्या पसाऱ्यासाठी सिस्कोचा एएसआर किंवा ज्युनिपरचा एमएक्स नवा घेणं म्हणजे दोन एकर कपाशीसाठी ट्रॅक्टर विकत घेणं.

२०१२ मध्ये लाटवियाच्या मायक्रोटिकनं ३६ कोरचा सीसीआर राउटर आणला आणि गणित बदललं. किंमत हजार डॉलरच्या आसपास, वर्षाला वेगळं लायसन्स नाही, वीज एखाद्या पंख्याइतकी. शेवटचा मुद्दा माहितीपत्रकात कुणी ठळक छापत नाही, पण खान्देशात तोच मोठा, कारण कमी वीज खाणारं यंत्र तापतंही कमी. मे महिन्यात जळगावचा पारा ४५च्या पुढे जातो आणि मोठ्या चासींच्या कागदावर चाळीसेक अंशांची मर्यादा लिहिलेली असते. म्हणजे एसी आला, एसीसाठी जनरेटर आला, आणि लोडशेडिंगच्या दिवसांत डिझेलही आलं. राउटरांची तुलना करताना हा खर्च किती जणांनी मांडला असेल, शंकाच आहे.

सीसीआरचं दुखणं वेगळं होतं. कोर छत्तीस, पण त्याच्या जुन्या राउटरओएस प्रणालीत बीजीपीचं, म्हणजे इतर जाळ्यांशी मार्गांची देवाणघेवाण करण्याचं, सगळं काम एकाच कोरवर. जगभरातल्या मार्गांचा पूर्ण तक्ता घेतलेला असेल, तर लाइन तुटून परत आल्यावर तो बसायला कित्येक मिनिटं लागायची. फागणे-तरसोद चौपदरीकरणासारखं काम सुरू असलेल्या महामार्गाच्या कडेनं फायबर टाकली की जेसीबीशी गाठ पडणारच; तिथे ही मिनिटं महागात पडतात. खरं तर एक-दोन अपस्ट्रीम (वरचे पुरवठादार) असलेल्याला पूर्ण तक्त्याची गरजच नव्हती, डिफॉल्ट रूट पुरला असता. पण 'फुल टेबल आहे आपल्याकडे' हे सांगण्यात रुबाब होता.

मोठं नाव घेतलं की सुटलो, असंही नव्हतं. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक तक्ता ५,१२,००० मार्गांच्या वर गेला आणि जुन्या सिस्को यंत्रांची त्यासाठीची मेमरी संपून जगभर जोडण्या कोलमडल्या. स्वस्तात मिळणाऱ्या सेकंडहँड यंत्रांत असली यंत्रंही असायची. उलट बाजूला, २०१८च्या एप्रिलमध्ये मायक्रोटिकनं विनबॉक्स या राउटर हाताळायच्या साधनातलं भगदाड बुजवलं, तरी अपडेट न केलेल्या हजारो यंत्रांतून पुढच्या काही महिन्यांत ग्राहकांचे ब्राउझर परस्पर आभासी चलन खणायला जुंपले गेले. सुरुवात ब्राझीलमध्ये झाली. भारतही सुटला नाही. दोष ब्रँडचा कमी, रात्री अपडेट टाकायला माणूस न ठेवण्याचा जास्त.

खरा निकाल लावला तो पत्त्यांच्या टंचाईनं. आशिया-पॅसिफिकचा आयपीव्ही-४ साठा १५ एप्रिल २०११ला शेवटच्या ठोकळ्यावर आला. त्यानंतर नव्या सेवादाराला त्यातून १,०२४ पत्ते मिळायचे, २०१९ पासून ५१२. एका पत्त्याचे सुमारे ६४ हजार पोर्ट. घरटी हजार दिले तर एका पत्त्यामागे चौसष्ट घरं. एकच पत्ता असा अनेकांत वाटणं म्हणजे सीजी-नॅट. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर लोकांना दिवसभर व्हिडिओची सवय लागली, आणि घरच्या जोडणीकडूनही तीच अपेक्षा आली; नॅटवरचा भार वाढला. शिवाय डिसेंबर २०२१ मध्ये कोणता पत्ता नि पोर्ट कुणाकडे होता याच्या नोंदी ठेवण्याची मुदत एका वर्षावरून दोन वर्षं झाली. प्रत्येक जोडणीची ओळ लिहिणाऱ्या यंत्राच्या डिस्क भराभर भरायच्या. ग्राहकाला पोर्टांचा गठ्ठा एकदाच बांधून देणाऱ्याकडे नोंदी कितीतरी कमी. इथे एएसआर १००० नॅट आतच करायचा. ज्युनिपरचा एमएक्स २०४ चारशे गिगाबिटचा, एका यू उंचीचा, देखणा. पण मोठ्या एमएक्समध्ये बसणारं नॅटचं सर्व्हिस कार्ड त्यात बसत नाही. खरेदीनंतर ज्यांना हे कळलं, त्यांनी नॅटसाठी शेजारी वेगळा सर्व्हर उभा केला.

१५ जून २०२१ पासून परवानाधारकांना जाळ्यात नवं यंत्र जोडायचं तर ते 'विश्वसनीय स्रोता'कडूनच असावं लागतं. जुन्या बाजारातल्या सौद्यांना त्यामुळे बराच लगाम बसला.

आज कुणी विचारलं तर माझं उत्तर असं: जाळ्याच्या सीमेवर एमएक्स किंवा एएसआरच्या वर्गातलं एक यंत्र, पीपीपीओईसाठी, म्हणजे ग्राहकांच्या लॉगिनसाठी, ग्राहक विभागून दोन नवे सीसीआर, नॅट वेगळं. पण कोटेशन मागवण्याआधी पत्त्यांची टंचाई नसलेलं आयपीव्ही-६ चालू करा. जितकी रहदारी त्यावरून जाईल, तितका नॅटवरचा आणि नोंदींचा भार उतरेल, आणि तितकं लहान यंत्र पुरेल.