दहा दिवसांत किती युरोप?

मे महिन्याच्या सुट्टीत युरोपला जायचं असं घरात ठरलं की त्याच संध्याकाळी यादी तयार होते. पॅरिस तर हवंच, स्वित्झर्लंडशिवाय युरोप कसला, रोम-व्हेनिस राहून कसं चालेल, ॲमस्टरडॅम वाटेवरच आहे आणि एवढं जातोच आहोत तर प्रागही करून घेऊ. नकाशावर ही शहरं एकमेकांना खेटून दिसतात आणि एका शेंगेन व्हिसावर २९ देशांत फिरता येतं, त्यामुळे यादी वाढवायला कोणाची हरकत नसते. हात आखडतो तो दिवसांपाशी. नोकरदार कुटुंबाला जेमतेम दहा दिवस मिळतात आणि जाणं-येणंही त्यातच बसवायचं असतं. एवढ्या वेळात पहिल्या खेपेला दोनच मुक्काम करावेत आणि प्रत्येक मुक्कामी किमान चार रात्री राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ऐकायला हा सल्ला हात राखून दिलेला वाटेल. पण हिशेब मांडून पाहिला तर युरोप याच रीतीनं जास्त पाहून होतो.

दहा दिवसांची सहल म्हणजे नऊ रात्री. मुंबईहून पॅरिसला थेट विमानानं नऊ-दहा तास लागतात, आखाती देशात विमान बदललं तर त्याहून बरेच जास्त. पोहोचल्यावर पासपोर्ट तपासणीची रांग असते. शेंगेन देशांनी ऑक्टोबर २०२५पासून बाहेरच्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायला टप्प्याटप्प्यानं सुरुवात केली, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यानं इथे जास्तीचा वेळ धरावा. उन्हाळ्यात पॅरिसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या लेखी रात्रीचे साडेदहा झालेले असतात. मुलं जेवता जेवता पेंगतात आणि पहाटे तीन-चारला टक्क जागी होतात. म्हणून पहिला आणि शेवटचा दिवस हिशेबातून वजा करावा. उरले आठ. आता मुक्काम हलवायला किती वेळ जातो ते पाहू. रेल्वेचा प्रवास दोनच तासांचा असला तरी सकाळी बॅगा भरायच्या, अकराच्या सुमारास हॉटेल सोडायचं, वेळेआधी स्टेशन गाठायचं, उतरल्यावर नव्या शहरात नवं हॉटेल शोधायचं, आणि तिथली खोली बहुधा दुपारी तीननंतरच मिळते. अर्धा दिवस सहज जातो. पाच शहरं म्हणजे असे चार बदल, म्हणजे दोन दिवस. राहिलेल्या सहा दिवसांत प्रत्येक शहराच्या वाट्याला जेमतेम सव्वा दिवस येतो. दोनच मुक्काम असले तर एकदाच हलावं लागतं आणि साडेसात दिवस हाती राहतात.

हा फरक प्रत्यक्षात कसा जाणवतो हे पाहण्यासाठी आपल्याकडच्या कुटुंबांच्या आवडीची जोडी घेऊ: पॅरिसला चार रात्री आणि स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला पाच. पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तर व्हर्सायचा राजवाडा आणि ओर्से संग्रहालय सोमवारी. पॅरिसला एकच दिवस ठेवला आणि तो नेमका मंगळवार निघाला, तर लूव्र हुकलंच. चार रात्री असल्या तर सोमवारी लूव्र आणि मंगळवारी व्हर्साय अशी अदलाबदल करता येते. लूव्र आणि आयफेल टॉवर दोन्हीकडे ठरावीक वेळेचं तिकीट आधी काढून ठेवावं. आयफेलच्या लिफ्टची तिकिटं साधारण ६० दिवस आधी ऑनलाइन खुली होतात आणि सुट्टीच्या काळात भराभर संपतात. अशा वेळेच्या दोन-तीन तिकिटांमध्ये एक दिवस कोंबला की एक मेट्रो चुकली तरी पुढचं सगळं कोलमडतं. म्हणून दिवसाला वेळेचं एकच तिकीट काढावं आणि उरलेला वेळ मोकळा ठेवावा. मेच्या मध्यावर पॅरिसला रात्री नवाच्या पुढेही उजेड असतो. दुपारी तासभर पडून संध्याकाळी सेन नदीच्या काठानं निवांत चालता येतं, आणि दिवसाचा सगळ्यात चांगला भाग बहुधा तोच असतो.

पॅरिसहून ल्युसर्नला जायला गार द लिऑं स्टेशनावरून बाझेलपर्यंत वेगवान रेल्वे आणि तिथून तासाभराची दुसरी गाडी, असा सुमारे साडेचार तासांचा प्रवास आहे. मोठा बदल हा एवढाच. ल्युसर्नला सामान एकदा टाकलं की रोज सकाळी हात हलवत बाहेर पडायचं. तळ्यातून बोटीनं व्हिट्झनाऊला जाऊन रिगी डोंगरावर चढणारी दातेरी रुळांची रेल्वे पकडता येते. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. टिटलिसचा बारमाही बर्फ पाहायचा तर एंगेलबर्गपर्यंतची गाडी पाऊण तासाची आहे. बर्न साधारण तासावर, आणि वाहतुकीचं मोठं संग्रहालय तर ल्युसर्नमध्येच. इथे मुक्काम लांबवण्याचं खरं कारण मात्र हवामान हे आहे. आल्प्समध्ये ढग कधी उतरतील याचा नेम नसतो आणि ढगात गेलेल्या शिखरावर चढून पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. एकच रात्र असेल तर आधी काढलेल्या महागड्या तिकिटापायी त्याच दिवशी वर जावं लागतं. पाच रात्री असल्या तर सकाळी उठून डोंगरावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र फोनवर पाहायचं आणि स्वच्छ दिवस डोंगराला, पावसाळी दिवस संग्रहालयाला द्यायचा. ‘स्विस ट्रॅव्हल पास’मध्ये रेल्वे, तळ्यातल्या बोटी आणि रिगीची रेल्वे येते, टिटलिसच्या रोपवेला सवलत मिळते, आणि पालकांपैकी एकाकडे पास असला तर फॅमिली कार्डावर १६ वर्षांखालच्या मुलांचा प्रवास फुकट होतो. त्यामुळे बेत आयत्या वेळी बदलला तरी तिकीट वाया जात नाही.

कुटुंबाची सहल म्हणजे वेगवेगळ्या वयांची सहल. पॅरिसच्या जुन्या मेट्रोत बहुतेक स्टेशनांवर लिफ्ट नाही, नुसते जिने आहेत. आजी-आजोबा बरोबर असतील तर बसचे मार्ग समजून घेतलेले बरे, आणि ते समजायला एक-दोन दिवस लागतातच. लूव्रमध्ये १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. दोन तासांत मुलं कंटाळली तर त्यांना घेऊन एकानं बाहेरच्या बागेत बसावं, दुसऱ्यानं आत राहावं, पैसे फुकट गेले असं वाटायचं कारण नाही. जेवणाचंही असंच. सलग चार-पाच रात्री एका जागी असल्या तर स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंट घेणं परवडतं. संध्याकाळी दुकानातून भाजी, दही, पाव आणला आणि कुकरला खिचडी लावली की शाकाहारी माणसाचा आणि खिशाचा, दोन्हींचा प्रश्न मिटतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. बाहेरच्या देशांतून दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात न्यायला प्रवाशांना मनाई आहे, तेव्हा तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. आणि स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी सामान भरावं किंवा मोठ्या रेल्वे स्टेशनातलं दुकान गाठावं. कपडे धुण्याची सोय असली तर सामानही निम्म्यावर येतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘पुन्हा कधी जाणं होणार? एकदाच जातोय तर सगळं पाहून घेऊ.’ ही भावना खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. आयुष्यभर बचत करून निघालेल्या माणसाला ‘पुढच्या वेळी पाहा’ असं सांगणं सोपं नसतं. पण एकदाच जायचं असेल तर ते जाणं बसच्या काचेतून आणि स्टेशनच्या फलाटावर सरावं का, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. सव्वा दिवसात रोम ‘झालं’ असं म्हणता येतं, पाहिलं असं म्हणता येत नाही. शिवाय दुसरी खेप आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. एप्रिल २०२४मध्ये भारतीयांसाठी शेंगेन व्हिसाचे नियम सैल झाले. तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमानं वापरले असतील, तर दोन वर्षांचा आणि त्यापुढे सहसा पाच वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची ही खरोखरच एकमेव खेप असेल, तर त्यांना सगळ्यात जास्त काय पाहायचं आहे हे विचारून मुक्काम त्याभोवतीच ठरवावा. ते उत्तर रोम असेल तर ल्युसर्न खुशाल सोडावं. माझा आग्रह मुक्कामांच्या संख्येपुरता आहे, ती ठिकाणं कोणती हे प्रत्येक घरानं आपलं आपण ठरवावं.

दुसरा आक्षेप पैशाचा. विमानाचं तिकीट आणि व्हिसा यांवर एवढा खर्च झालाच आहे, तर तो पाच देशांत वाटला जावा, असं वाटणं स्वाभाविक आहे. व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, आणि एक देश पाहा की पाच, ते तेवढंच राहतं. पण शहरांमधला प्रवास तसा नाही. प्रत्येक बदलाला चौघांची रेल्वेची तिकिटं, दोन्ही टोकांना टॅक्सी आणि घाईत बाहेर घेतलेलं एक महाग जेवण एवढा खर्च नव्यानं वाढतो. म्हणजे जास्त पैसे देऊन आपण पाहण्याचे तास कमी करून घेतो. पैसा खरोखर वाचवायचा असेल तर विमानाचं ‘मल्टी-सिटी’ तिकीट पाहावं: पॅरिसला उतरायचं आणि झुरिचहून परतायचं. ल्युसर्नहून झुरिच विमानतळ रेल्वेनं तासाभरावर आहे. परतीसाठी पुन्हा पॅरिस गाठण्यात जाणारा दिवस आणि भाडं दोन्ही त्यानं वाचतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. टूर कंपन्या आठ-दहा दिवसांत पाच-सहा देश दाखवतात आणि हजारो मराठी कुटुंबं समाधानानं परत येतात, त्याचं काय? टूरची सोय नाकारण्यात अर्थ नाही. सामान उचलावं लागत नाही, ओळखीचं जेवण मिळतं, भाषेची धास्ती राहत नाही, आणि एकट्यानं निघायला कचरणाऱ्या ज्येष्ठांसाठी ही व्यवस्था मोलाची आहे. मुक्काम बदलण्याचा त्रासही त्यात कमी होतो. अंतर मात्र कमी होत नाही. पॅरिस ते ल्युसर्न रस्त्यानं सुमारे सहाशे किलोमीटर आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार बसचालकाला साडेचार तासांनंतर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाला सहसा नऊ तासांपेक्षा जास्त बस चालवता येत नाही. म्हणजे तो अख्खा दिवस बसचा. तेव्हा टूर घ्यायची असली तरी कसोटी हीच लावावी. देशांची संख्या बाजूला ठेवून कार्यक्रमपत्रिकेत दोनच गोष्टी पाहाव्यात: एका हॉटेलात सलग किती रात्री आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी आत प्रवेश आहे की बाहेरूनच फोटो काढून निघायचं आहे. कमी देशांची आणि लांब मुक्कामांची टूरही मिळते. मागणी वाढली तर अशा टूर आणखी निघतील.

हा निर्णय लवकर घ्यावा लागतो, कारण व्हिसाच्या अर्जालाच पक्का आराखडा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. मेच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंटला गर्दी असते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच कामाला लागावं. जिथे मुक्काम सगळ्यात लांब, त्या देशाकडे अर्ज करायचा हा नियम आहे. ल्युसर्नला पाच आणि पॅरिसला चार रात्री असल्या तर अर्ज स्वित्झर्लंडकडे, यात गोंधळ नाही. पाच देशांत एक-दोन रात्री वाटल्या की हा साधा प्रश्नही किचकट होतो. किमान ३० हजार युरोंचा प्रवास वैद्यकीय विमा, हॉटेलचं आरक्षण आणि परतीचं तिकीट ही कागदपत्रंही दोन मुक्कामांच्या बेतात चटकन जुळतात. त्याआधी एका संध्याकाळी घरातल्या प्रत्येकानं आपल्याला हवी असलेली एकच गोष्ट सांगावी, मग ती आयफेल असो, बर्फ असो की नुसती आगगाडी. चार-पाच जणांच्या त्या चार-पाच गोष्टी बहुधा दोन मुक्कामांच्या आवाक्यात बसतात. ज्या बसत नाहीत त्या गाळायचा निर्णय तेव्हाच, सगळ्यांनी मिळून घ्यावा. आधी ठरवून सोडलेल्या ठिकाणाची सहलीत फारशी हळहळ वाटत नाही, आणि जे निवडलं त्याला पुरेसा वेळ देता येतो.